कापडाची पारख

नाशिकची थंडी एकाच दिवसात दोन ऋतू दाखविते. मार्गशीर्ष-पौषात पहाटे गोदावरीकाठी पारा ८-९ अंशांवर असतो. निफाडच्या बाजूस तर तो कित्येक वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात निफाड गारठल्याची बातमी ठरलेली असते. त्याच दिवशी दुपारी मात्र २७-२८ अंशांचे ऊन पडते आणि सकाळी स्वेटरात आखडलेला माणूस पंखा लावतो. या दोन टोकांच्या मध्ये जो सायकल घेऊन रस्त्यावर उतरतो, त्याने अंगावर काय घालावे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मेनरोडवरील एका कापड-व्यापाऱ्याला त्याचे उत्तर सापडायला एक संपूर्ण हिवाळा लागला. ज्यांचे उभे आयुष्य कापडात गेले, त्यांची ही गत, हेच या हकिकतीचे विशेष.

नाशिकला सायकलचे वेड आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरिलँडमधील अॅनापोलिसपर्यंत जाणाऱ्या त्या मार्गात तापलेले वाळवंटही लागते आणि रॉकी पर्वतातील गारठाही. आज गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रस्त्यावर पहाटे हेल्मेट घातलेले पाच-दहा जण ओळीने जाताना दिसले, तर दूधवालाही मान वळवून पाहत नाही. त्यांत विद्यार्थी असतात, डॉक्टर असतात, आणि अलीकडे साठी ओलांडलेली मंडळीही बरीच असतात.

त्यांपैकीच हे एक गृहस्थ. बाजारात त्यांना शेठजी म्हणतात, सायकलवाल्यांत ते काका झाले. वय ६४. गल्ल्यावर आता मुलगा बसतो, पण एखाद्या नव्या मालाविषयी शंका आली की ताग्याचे टोक अजूनही वडिलांच्या हाती दिले जाते. ते कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळतात आणि पोत, ताणा-बाणा, सुतात मिसळलेले टेरिलिन, धुतल्यावर आटेल की नाही, हे सारे डोळे मिटून सांगतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसविला गेला. डॉक्टरांनी चालायला सांगितले. गुडघ्यांनी नकार दिला. सायकलीवर गुडघ्यांना शरीराचा भार पेलावा लागत नाही म्हणून सायकल सुचविली गेली आणि मुलाने गिअरची सायकल आणून दारात उभी केली.

पावसाळा सरला, दिवाळी झाली आणि पहाटे दारातून बाहेर पडताना अंगावर काटा येऊ लागला. घरात तयारी सुरू झाली. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर पत्नीने दोन वर्षांपूर्वी विणलेला जाड लोकरीचा करडा स्वेटर, गळ्याभोवती मफलर, हातांत त्याच लोकरीतून उरलेल्या गुंड्यांचे हातमोजे, आणि डोक्यावर माकडटोपी. माकडटोपीवर हेल्मेट बसेना; पट्टा हनुवटीखाली अडकेना. शेवटी तो न लावताच ते निघत. लोकरीने कान झाकलेले असल्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही नीट ऐकू येत नसे. तरी घरातून निघताना अंगात ऊब असे, आणि दारात उभ्या असलेल्या पत्नीच्या मनालाही.

डिसेंबरमधील एका रविवारी हा चमू त्र्यंबकच्या दिशेने निघाला. सातपूर ओलांडेपर्यंत शेठजींना मोठे प्रसन्न वाटत होते. महिरावणीपर्यंत पाठीवरून घामाचे ओघळ सुरू झाले. अंजनेरीच्या फाट्यावर चहासाठी सगळे थांबले, तेव्हा त्यांचा बनियन पिळून काढता आला असता. चहा, गप्पा, कोणाच्या तरी चाकात हवा भरणे, यात वीस मिनिटे गेली. परतीचा रस्ता एकंदर उताराचा. सायकल ताशी ३० ते ३५ किलोमीटरच्या वेगाने आपोआप पळू लागली, पायांना काम उरले नाही आणि समोरचा वारा स्वेटरातून थेट आत शिरला. ओला बनियन छातीला बर्फाच्या लादीसारखा चिकटला. मग बोटे गेली. गेली म्हणजे दुखायची थांबली. शेठजींना ते आधी बरेच वाटले.

पुढे एका वळणाशी शेताच्या वाटेने एक बैल रस्त्यावर आला. ब्रेक दाबायचे आहेत हे डोक्याला कळले, हातांना कळले नाही. जी बोटे सुतातील भेसळ सांगत, त्यांना ब्रेकची दांडी कोठे आहे हे सापडेना. तळव्याच्या टाचेने कसेबसे हँडल वळवून त्यांनी सायकल रस्त्याकडेच्या मातीत घातली. माती भुसभुशीत होती म्हणून गुडघ्याच्या खरचटण्यावर आणि स्वेटरच्या उसवलेल्या बाहीवर निभावले. बैल आपल्या वाटेने गेला.

मागून येणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने सायकल उभी करून त्यांना बसविले, त्यांचे मोजे काढून दोन्ही हात त्यांच्याच काखांत धरायला लावले. रक्त परतताना बोटांत ज्या कळा आल्या, त्यांनी शेठजींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ती म्हणाली, "काका, तुम्ही घरातून निघता तेव्हाच गरम असता. तिथेच चुकतं."

घरी पत्नीने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, साखळी निसटली होती, ती बसविताना गुडघा खरचटला. त्यांना स्वतःच्या पडण्याची लाज होती असे नाही. पडण्याला स्वेटर कारणीभूत झाला, हे ज्या हातांनी तो विणला त्यांना कसे सांगायचे, हा पेच होता. पण रोज सायंकाळी प्रतिक्रमणाला बसले की ती न निसटलेली साखळी आठवू लागली. दहा-बारा दिवस असे गेले. या काळात सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि त्याचे कारण विचारल्यावर आणखी एक बहाणा रचावा लागला.

या मधल्या दिवसांत ती मुलगी काय म्हणाली याचा त्यांनी व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडला. सायकल चालविताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो. उरलेली सारी उष्णता होऊन शरीरात साठते. रुपयातले चार आणे कामाला, बारा आणे उष्णतेला. म्हणजे सायकलस्वार स्वतःच एक शेगडी आहे आणि ती पेटायला दहा मिनिटे लागतात. जो दाराशीच उबदार असेल तो अकराव्या मिनिटाला घामाघूम होणार, हे ठरलेले. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सुती बनियन घाम शोषून धरून ठेवतो, आणि पाणी उष्णता वाहून नेते ते स्थिर हवेच्या सुमारे २५ पट. लोकरीची ऊब तरी कोठून येते? तिच्या तंतूंनी कोंडून धरलेल्या हवेतून. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने समोरून वारा आला की ती कोंडलेली हवा पळते. ८ अंश तापमानात ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला सुमारे ४ अंशांचा गारठा जाणवतो. उतारावर त्याहूनही अधिक. चालणाऱ्यासाठी विणलेला स्वेटर सायकलवाल्याला पुरत नाही, यात विणणाऱ्याचा काही दोष नाही.

हा शेवटचा मुद्दा मनाशी पक्का झाल्यावर एका रात्री त्यांनी पत्नीला सारे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी दोन सुयांवर भोकंच तर विणते. त्यातून वारा जाणार नाही तर काय होईल?" आणि जराशाने, "पण पडलात हे सांगितलं नाहीत, त्याचं काय?" त्या प्रश्नाला शेठजींपाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नेहमीप्रमाणे मिळाला, इतकेच.

त्यानंतर दोघांनी मिळून जो शोध घेतला, तो खरोखर सांगण्यासारखा आहे. त्याची सुरुवात द्राक्षबागेत झाली. गिरणारे परिसरातील एक बागाईतदार दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे हे दाम्पत्य पौषात गेले होते. बागेत घडांना कागद गुंडाळण्याचे काम चालू होते. मणी पाणी धरण्याच्या सुमारास रात्रीच्या थंडीत आणि दिवसाच्या उन्हात फार अंतर पडले की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. 'पिंक बेरी' म्हणतात ती हीच, आणि असा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून कोट्यवधींच्या उलाढालीच्या या धंद्यात घडाला रक्षण कशाचे, तर कागदाचे. शेठजींनी ते पाहिले आणि त्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट त्यांना आठवली. युरोपातील डोंगराळ शर्यतींत घाटमाथ्यावर पोचलेले स्वार पूर्वी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत आणि उतरण्यापूर्वी ते अंगरख्याच्या आत छातीवर सरकवीत. घामाने अंग भिजलेले, समोर लांबलचक उतार; कागद वारा अडवी आणि खाली पोचल्यावर फेकून देता येई.

दुसऱ्याच दिवशी शेठजींनी छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून गंगापूर धरणापर्यंत फेरी मारली. छाती उबदार राहिली. मात्र आनंदवल्लीपासून पुढे प्रत्येक पायडलागणिक जो खसखस आवाज झाला, त्याने त्यांचे त्यांनाच हसू आले; आणि कागद घामाने भिजून त्याची शाई बनियनावर उमटली. कागदाचे काम कापडाकडून करून घ्यायला हवे होते.

येथे त्यांची विद्या कामी आली. त्यांनी कापडे हातांनी चोळण्याऐवजी तोंडाशी धरून फुंकायला सुरुवात केली. एका बाजूने फुंकर मारायची आणि दुसऱ्या बाजूस तळवा धरून ती लागते का पाहायचे. पॉपलीनमधून फुंकर गेली, फ्लॅनेलमधून गेली, सुटाच्या महाग कापडातूनही गेली. माळ्यावरच्या मोडक्या छत्रीचे काळे नायलॉन धरले, तेव्हा तळवा कोरडा-गरमच राहिला. पण अख्खे जाकीट अशा कापडाचे केले तर घामाची वाफ बाहेर जाणार नाही आणि माणूस आतून भिजेल. पावसाळी रेनकोट घालून सायकल चालविणाऱ्याला हा अनुभव असतोच. पत्नी म्हणाल्या, "वारा समोरून येतो ना? मग पाठीला कशाला?" त्यांनी एका बिनबाह्यांच्या पातळ स्वेटरच्या फक्त पुढच्या भागाला आतून छत्रीचे कापड शिवले, पाठ मोकळी ठेवली. सायकलस्वारांसाठी बाजारात जी बिनबाह्यांची जाकिटे मिळतात, त्यांतील पुष्कळांची रचना अशीच असते हे दोघांना पुढे कळले. शिवणकाम येणाऱ्या कोणत्याही घरात हे तासाभरात होण्यासारखे आहे.

या जाकिटाच्या आत काय घालावे, याचे उत्तर शेठजींना पचायला जड गेले. पोटाशी असावे ते घट्ट बसणारे, पातळ पॉलिएस्टरचे कापड. ते टेरिलिनच्याच कुळातले. 'घाम शोषत नाही, उन्हाळ्यात घेऊ नका,' असे गिऱ्हाइकांना सांगण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. थंडीत तोच दोष गुण होतो. घाम कापडात मुरत नाही. पसरतो, बाहेरच्या अंगाला येतो आणि उडून जातो. सुती बनियन त्यांनी सायकलीपुरता सोडला.

हाताच्या बाह्या हा त्यांना सर्वांत आवडलेला शोध. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली उन्हापासून बचावासाठी मनगटापासून दंडापर्यंत ज्या सुट्या बाह्या चढवितात, तशाच, पण थोड्या जाड. पहाटे चढवायच्या, ऊन वर आले की सायकल न थांबवता सुद्धा तरुण मंडळी त्या काढून खिशात घालतात. शेठजी थांबून काढतात. जेथे काही तासांत पारा पंधरा अंश चढतो, तेथे एक जाड वस्त्र काय कामाचे? जे तुकड्या-तुकड्यांनी उतरविता येईल तेच येथले हिवाळी वस्त्र. गुडघ्यांसाठी पूर्ण लांबीची तंग विजार आली. माकडटोपीच्या जागी हेल्मेटखाली मावणारी पातळ टोपी आली. मफलर तर त्यांनी बाद केलाच. त्याचे सुटलेले टोक वाकलेल्या माणसाच्या गळ्यातून थेट पुढच्या चाकापाशी लोंबते. त्याऐवजी गळ्यात कापडाची एक नळी. गार हवेत ती नाकावर ओढता येते, आणि हृदयाच्या माणसाने ते करावे असे डॉक्टरांनीही सांगितले. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यांनी आणखी दोन अटी घातल्या. निघण्यापूर्वी घरातच दहा मिनिटे हातपाय हलवून अंग तापवावे, आणि पारा फार उतरला असेल त्या दिवशी सूर्य वर आल्यावरच निघावे. या दुसऱ्या अटीपुढे सगळी वस्त्रे फिकी आहेत, असे मानायला हरकत नाही. साठीपुढच्या माणसाने पहाटे पाचलाच निघावे असा काही नियम नाही. तो बहुधा तरुणांच्या मागे न पडण्याचा अट्टहास असतो.

राहिले हात. शरणपूर रोडवरील तिबेटी बाजारात एक दिवस दोघे गेले. मोजे चांगले होते, पण शेठजींनी तळव्याकडील भाग बोटांत धरताच ते खाली ठेवले. चामडे होते. त्यांच्या घरात चामडे आणि रेशीम येत नाही. शेजारी फुगीर, पिसासारखे हलके जाकीट टांगले होते. हलके का, हेही त्यांच्या बोटांनी सांगितले. ते पिसांचेच होते. परदेशात राहणाऱ्या मुलीने याच सुमारास मेरिनो लोकरीचा अंतर्वस्त्रासारखा पातळ शर्ट पाठविला होता. वस्तू निःसंशय उत्तम. मेरिनो ओली झाली तरी ऊब देते आणि तिला घामाचा वासही लवकर लागत नाही. पण ऑस्ट्रेलियातील अनेक कळपांत माशांच्या उपद्रवापासून बचावासाठी मेंढ्यांच्या मागील भागाची कातडीच कापून काढतात, हे शेठजींनी वाचले होते. मुलीला फोन गेला. तिने चौकशी करून कळविले की, हा शर्ट ज्या लोकरीचा आहे तिच्या कळपांत तसे करीत नाहीत असे वेष्टनावर छापलेले आहे. पत्नी म्हणाल्या, छापलेले आहे तर घाला. शेठजींनी तो कपाटात ठेवला आहे. अजून घातलेला नाही. पाठविणारीचे मन आणि स्वतःचे मन यांचा मेळ त्यांना घालता आलेला नाही, आणि घरात त्याविषयी कोणी घाई करीत नाही.

मोजे शेवटी कृत्रिम तळव्याचे मिळाले: बाहेर वारा अडविणारे कापड, आत मऊ अस्तर, बोटांची हालचाल मोकळी. दुकानात शेठजींनी ते घालून एक विचित्र परीक्षा घेतली. खिशातून एक रुपयाचे नाणे काढून काउंटरवर ठेवले आणि मोज्यांसकट उचलून पाहिले. तीन जोड नापास झाले. चौथ्या जोडीत नाणे उचलले गेले, तेव्हा विक्रेत्याला वाटले की हे गृहस्थ घासाघीस करण्यासाठी काहीतरी युक्ती करीत आहेत. बैल आणि ब्रेक त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पौषाच्या अखेरीस ते पुन्हा त्र्यंबक रस्त्याला लागले. दारात उभे असताना त्यांना थंडी वाजत होती आणि ते पत्नीला दिसत होते. घरातील स्त्रीला हे पाहणे किती अवघड जाते, हे या विषयावर लिहिणारे सहसा लिहीत नाहीत. त्यांचा हात सवयीने खुंटीवरच्या शालीकडे गेला आणि परत आला. "दहा मिनिटांनी ना?" त्यांनी विचारले. शेठजींनी मान हलविली. सातपूरपाशी सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मोजा काढून घरी फोन लावला आणि ऊब आल्याचे कळविले. पहिले काही दिवस हा फोन रोज होत असे.

अंजनेरीच्या फाट्यावर चहा झाला. या वेळी ते वीस मिनिटे बसले नाहीत; उभ्याने चहा घेतला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उतारावर वेग धरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहिले. बोटे जागेवर होती.

तो करडा स्वेटर आता दुकानात असतो. त्याची उसवलेली बाही पत्नीने पुन्हा उचलून विणली, पण त्या छटेची लोकर बाजारात मिळाली नाही, म्हणून कोपरापासून खाली रंग किंचित गडद आहे. संध्याकाळी गल्ल्यामागे बसताना शेठजी तो घालतात. एखादे गिऱ्हाईक त्या बाहीकडे पाहून हसले, तर ते कापड दाखविणे थांबवून आधी ती हकिकत सांगतात. बैलापासून सुरू करतात आणि साखळीचा भाग वगळत नाहीत.